जुळलेल्या दातांची जोडी

धाड,
भुलाबाई बसल्यानंतरचा शनिवार

तीर्थस्वरूप रेवतीताईस,

धाकट्या गोकुळचा धाडहून वाकून नमस्कार. (पुरता वाकलो नाही. कमरेत उसण भरली आहे, कारण पुढे येईल.) तुझी, अनंत भाऊजींची आणि हॉलमधल्या मनीप्लांटची तब्येत बरी असावी. इकडे आई ठणठणीत, आबा नको इतके ठणठणीत, म्हैस गाभण. फोन सोडून पत्र का, असे वाटेल. फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते" म्हणतेस आणि ते नंतर दिवाळीपर्यंत येत नाही. पत्र बिचारे मीटिंग संपेपर्यंत टेबलावर गप पडून राहते. तर आधी गोड बातमी ऐक. ताई, मी जोडी आणली! (दचकू नकोस, लग्न केलेले नाही.)

यंदा आईने हट्टच धरला की भुलाबाईची गाणी कायमची भरून ठेवायची, आणि तीही कोजागिरीला भुलाबाईची बोळवण होण्याच्या आत. तिचे म्हणणे, पोरींना टिपऱ्या येतात, खिरापत तर फारच येते, पण गाणी येणाऱ्या बायका आता गल्लीत बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. माझा स्टुडिओ म्हणजे आपली खताची खोली. (भिंतींना शेजारपाजारच्या गोधड्या ठोकल्या आहेत. थंडी पडली की मालकिणी मागायला येणार, तेव्हा काय करायचे ते तेव्हा पाहू.) माइक एकच, आणि बायका एकत्र उभ्या केल्या की गाण्यापेक्षा गप्पाच जास्त भरल्या जातात, म्हणून एकेकीला आत घेऊन आवाज भरला. शेवटच्या गाण्यात आईने एका कडव्याची जागा मोकळी ठेवायला लावली, का ते सांगत नाही. मग सगळे आवाज एकावर एक चढवले, वर टिपऱ्या चढवल्या, आणि थोडा गाभाऱ्यासारखा घुमारा घालायला गेलो तर संगणकाने मानच टाकली. जयमालाकाकूंचा आवाज "आ"वर अडकला तो अडकलाच. अशा वेळी संगणकात एक जादा कार्ड बसवतात. घुमारा घालायचा, आवाज गोल करायचा, ही सगळी ओढ ते कार्ड आपल्या खांद्यावर घेते. नव्या कार्डाकडे बघण्याचीही आपली ऐपत नाही, पण चिखलीचे देवेशराव स्टुडिओ मोडून शिकवणीचे वर्ग काढताहेत आणि वापरलेली कार्डे विकताहेत, असे कळले. ताई, मी अंगणात नाचलो ग! म्हैस दावे तोडून उभी राहिली.

मात्र "ओढ" हा शब्द मी आबांसमोर उच्चारला, तिथे फसलो. बैल घ्यायचा तर आधी कडूबाला दाखवा, अशी आपल्या बापाची पंचक्रोशीत ख्याती. "ओढायची वस्तू, अन् तू एकटाच जाऊन राह्यला काय बे?" म्हणत त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि माझ्या आधी जीपमध्ये जाऊन बसले.

देवेशरावांनी टेबलावर तीन कार्डे मांडली होती. एक छोटेखानी, त्याच्या काठाला सोनेरी पट्ट्यांची आखूड ओळ. बाकीची दोन लांबलचक, पट्ट्यांची ओळही लांब. (या पट्ट्या संगणकाच्या खाचेत रुततात.) आबांनी त्या पट्ट्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा असा खुलला म्हणतेस! "याले तं दात हायेत!" आता बैलाचे वय दातांवरून ठरते, हे तुलाही ठाऊक आहे. पक्के दात जितके कमी तितके जनावर कोवळे; एकही नसला तर अदात, सगळे आले की दात जुळले. त्यांनी छोट्या कार्डाचा जणू जबडा उघडला, अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "हा अदात हाय. खांदा मळला नाही याचा. भर कामात बसकण मारीन." लांब कार्डांवर मात्र जीव जडला. दात जुळलेले, रंग सारखा, उंची सारखी, पाठ सपाट. पुढून पाहिले, मागून पाहिले, एकाला हळूच थाप मारली. शिवाय एका बैलाने कधी गाडी चालते का? देवेशरावांनी मला विचारले की तुमचा संगणक कोणता. मी इतका हरखलो होतो की "कोणताही असू द्या हो, बसवतो!" म्हणालो आणि चहा सांगायला खाली धावलो. परत आलो तर आबा आणि देवेशराव मांडीला मांडी लावून काहीतरी बोलत होते, आणि जोडी रुमालात बांधून तयार.

येताना जीपमध्ये जोडीला खिडकीजवळची जागा, आबा तिच्या शेजारी, आणि मी मागे फळीला लटकून. (उसण तिथलीच.) दारात आई ताट घेऊन उभी. हळदकुंकू लावले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, इथपर्यंत मी हसत होतो. मग तिने नव्या जोडीच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या उचलला, तेव्हा मी मध्ये आडवा पडलो! पाणी माझ्यावर गेले, जोडी वाचली.

आता ती माझ्यासमोर आहे, कपाळी कुंकू लेवून. पत्र पेटीत टाकतो आणि संगणक उघडतो. कोजागिरीला अख्खे धाड घुमणार!

तुझा, अखेर जोडीवाला झालेला,
गोकुळ

ता. क. पेटीपर्यंत गेलो, पण राहवेना, म्हणून परत येऊन आधी संगणक उघडला. ताई, आतली खाच आखूड आहे, नेमकी त्या अदाताच्या मापाची. जुळलेले दात तिच्यात शिरतच नाहीत. देवेशरावांना फोन केला तर छोटे कार्ड आमच्या मागोमागच कुणी नेले. ही जोडी फक्त जुन्या संगणकात चालते, असे त्यांनी आबांना स्वच्छ सांगितले होते म्हणे. असा जुना संगणक आपल्या माहितीत एकच : तू शिकायला जाताना इथून नेलास आणि ज्याच्यावर आता मनीप्लांट ठेवतेस तो. (वर मनीप्लांटची चौकशी ओघातच केली होती, पण बघ, कामाला आली.) कुरिअरने पाठवू नकोस, हाडे खिळखिळी होतील. मांडीवर घेऊन ये, कोजागिरीच्या आत.

दुसरा ता. क. आबांना जाब विचारला. म्हणाले, "मले दात समजत नाहीत काय बे? ते लहान घेतलं असतं तं गाणं झालं असतं. पोरगी आली असती काय?" हे त्यांनी खरेच ठरवून केले, की चुकल्यावर सुचले, देव जाणे. (आपण बैल चुकीचा निवडला, हे कडूबा या जन्मी कबूल करायचे नाहीत.) पण तुझी खाट त्यांनी उन्हात टाकली आहे, आणि ती मी चिखलीला जायच्या आधीपासून तिथेच आहे.

तिसरा ता. क. आईने वरचे सगळे वाचून घेतले. म्हणते, "तिले लिही, जड असंल तं ते खोकं नको आणू म्हणा. मोकळं कडवं तिचंच हाय, दुसऱ्या कोणाले म्हणू देत नाही मी." ताई, मलाही तुझी फार आठवण येते, फोनवर हे म्हणवत नाही. संगणक राहिला तरी चालेल. मनीप्लांटजवळ भाऊजी आहेत.