हँडलला बांधलेला दोरा

आप्पा, अंगणाच्या उतारावर आता हिरवळ आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिथे नुसता जांभा दगड उघडा पडला होता. इथे पावस गावात येणाऱ्या पाहुण्यांसाठी आम्ही दोन खोल्या बांधल्या, त्यांना नारळाखाली बसायला हिरवळ लागते, म्हणून यंदा गवत कापायचं मशीन घेतलं. तुमच्या मशीनसारखंच, मागून ढकलत चालायचं. दुकानदार समजावत होता तेव्हा मी मान डोलवत होते, पण ऐकत तुमचं होते. शाळेच्या आधी अक्षरं तुम्हीच शिकवलीत मला, आणि मशीनही. रत्नागिरीतल्या बंगल्यांचं गवत कापायला जायचात तेव्हा मला बरोबर न्यायचात. हँडलला लागून ही आडवी दांडी, ती दाबून धरली तरच इंजिन चालणार, सोडली की पातं थांबणार. खाली हात घालायच्या आधी प्लगची टोपी काढायची. उतारावर आडवं चालायचं. आणि दांडी सोडल्यावर थांबतंय का ते आधी बघायचं, मगच गवताला लावायचं. "रोज बघायचं?" मी विचारलं होतं. "काल थांबलं म्हणजे आज थांबेल, असं त्याने तुला लिहून दिलंय काय?" असं म्हणाला होतात. तेव्हापासून मी कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही. गॅसच्या बटणावर नाही, विहिरीच्या पंपावर नाही, आणि मामावर तर नाहीच.

मुंबईतल्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून मामा आमच्याकडे असतो. गवत तोच कापतो. बोलघेवडा माणूस, फोन सतत कानाला. एक हात दांडीवर आणि एक हात फोनवर हे मला पसंत नाही, म्हणून तो मशीन काढतो तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून पायरीवर बसते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही तशीच बसले होते. आई चहा घेऊन उताराच्या खालच्या अंगाला उभी राहते, हाक मारते. मामा "आलो गो ताय" म्हणत हँडल सोडतो आणि घाम पुसायला वळतो. इंजिन बंद होत नाही. मशीन तसंच गुरगुरत उतारावरून खाली सुटतं, सरळ आईच्या दिशेने. मी ओरडते. आई कपबशी टाकून बाजूला होते, आणि मशीन कुंपणाच्या दगडी गडग्याला आपटून बंद पडतं. तिच्या पायापासून हातभर अंतरावर.

मी धावत खाली गेले तर दांडी हँडलशी दोऱ्याने घट्ट बांधलेली. आई आत गेली होती.

"मामा, तूच बांधलास ना? फोनवर बोलायला हात मोकळा राहावा म्हणून?"

"मी? खुळी झालीस काय गो?"

"मग दोरा दिसला नाही तुला?"

"दिसला की. दसऱ्याचा होता, पूजेचा. देवाचा दोरा कोण तोडतो? आणि दांडी आधीच दाबलेली, मी म्हटलं बरं झालं, मनगट दुखायचं नाही."

मला ते खोटं वाटलं. मी त्याला नको ते बोलले, आईला मारलं असतंस असंही म्हटलं. तो खोलीत गेला आणि बॅग भरायला लागला.

मग मी कात्री घेऊन दोरा कापायला बसले. त्यात आंब्याच्या पानाचा देठ अडकलेला होता आणि झेंडूची चुरगळलेली पाकळी. गाठ आईची होती. कोथिंबिरीच्या जुडीला, माझ्या वेणीला, सगळ्याला ती हीच गाठ मारते. दसऱ्याला मी पाहुण्यांचं जेवण वाढत होते तेव्हा तिने मशीनला माळ घातली होती, हँडल आणि दांडी एकत्र धरून. फुलं गळाली आणि दोरा तेवढा राहिला. मागे मामा उभा होता. "तायला सांगू नको हां," तो म्हणाला, "जिवाला लावून घेईल." त्याला कळलं होतं, कदाचित आधीपासूनच.

आणि तेव्हा, आप्पा, मला तुमचा संशय आला. तुमच्या पायाचा अंगठा मशीनखाली गेला तो दसरा झाल्यावर, दिवाळीच्या आधी. गवत ओलं होतं, पाय घसरला, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. पण पुढच्या दसऱ्याला आईच्या हातातली माळ काढून घेऊन तुम्ही ती इंजिनावर ठेवलीत. "हँडल मोकळं असू दे," एवढंच म्हणालात. आई तबक घेऊन शेजारीच उभी होती. तुमचा नेहमीचा काटेकोरपणा समजून मी हसले होते.

संध्याकाळी आईने विचारलं, कशाने झालं गो? मी म्हटलं, दांडी अडकली होती, सोडवली. ती पायरीवर तशीच राहिलेल्या माझ्या कात्रीकडे बघत होती. "ह्यांचीपण तेव्हा अडकलीच असेल," म्हणाली आणि दिवा लावायला गेली. मामाची बॅग तिनेच परत रिकामी केली.

तिला खरं काय ते माहीत आहे, का ती मला नुसती चाचपून बघतेय, ते कळत नाही. तुम्हाला विचारायला बसले, पण हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आई माझे कागद आवरते. लिहून झालं की चुलीत घालणार आहे. मघापासून मात्र ते टेबलावर उघडंच ठेवून मी दोनदा पाणी प्यायला आत जाऊन आले.