दोन खाचा आणि काळं रबर

ती. मामांच्या चरणी,

धाकट्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (हात तीनदा धुऊन लिहायला बसलोय. तरी कागदाच्या कोपऱ्यावर जो काळा ठसा दिसतोय तो माझ्या अंगठ्याचा आहे. त्याचा खुलासा पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल. तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना कुरकुरतो असं मामींकडून कळलं. माणसाच्या गुडघ्यात ग्रीस भरायला सोय ठेवलेली नाही ही मोठीच चूक राहून गेलीय, आणि ती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला टोचत नसेल. मामींची तब्येत मात्र विचारत नाही. मागच्या खेपेला विचारली तेव्हा त्यांनी उलट माझीच इतकी चौकशी केली, की फोन ठेवल्यावर मी उगाच आडवा होऊन राहिलो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोन गॅरेजात असतो आणि गॅरेजात साडूभाऊ असतात, म्हणून. आणि गोष्ट त्यांचीच आहे. मामा, तुमचे थोरले जावई वेगळे व्हायचं म्हणताहेत. रस्त्यापलीकडे टायरवाल्याच्या शेजारचा गाळा रिकामा झालाय, तो त्यांनी बघून ठेवलाय, आणि येत्या एक तारखेला 'आपापली हत्यारं घेऊन आपापल्या वाटेनं' असं त्यांनी मला सांगितलंय. तुम्हाला माहीतच आहे, हा माणूस दिवसाला मोजून वीस शब्द बोलतो. त्यातले पाच त्यांनी एकदम या वाक्यावर खर्च केले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

कारण क्षुल्लक आहे. (ते क्षुल्लक आहे असं मी म्हणतो. साडूभाऊंचं मत वेगळं आहे.) तुम्ही काम सोडलंत त्या दिवशी बाकावर सगळी हत्यारं पसरून आम्हा दोघांना वाटून दिलीत, आणि पुढे तंटा नको म्हणून कानशीनं माझ्या प्रत्येक हत्यारावर एक खाच घातलीत आणि त्यांच्या प्रत्येक हत्यारावर दोन. अकरा वर्षं त्या खाचांवर आमचं सुरळीत चाललं. सुरळीत म्हणजे असं, की ते दोन खाचांची हत्यारं पुसून, नंबरानं लावून ठेवायचे आणि मी माझं सापडलं नाही की त्यांचं घ्यायचो. गेल्या महिन्यात त्यांचा चौदा-पंधराचा पाना मी एका गाडीच्या इंजिनावर ठेवला, बॉनेट लावलं आणि गाडी मालकाच्या ताब्यात दिली. तो गृहस्थ तिथून थेट परगावी बदलीवर गेला. पाना त्याच्याबरोबर गेला. साडूभाऊ दोन दिवस गप्प राहिले (हे कळायला मला दीड दिवस लागला), तिसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजच्या मधोमध खडूनं रेघ ओढली आणि वरचं वाक्य बोलले.

तुमची धाकटी लेक म्हणाली, तुम्ही दोघं खुशाल वेगळे व्हा, आम्ही बहिणी काही होत नाही. तिचं ठीक आहे. पण मला मनापासून वाईट वाटलं, मामा. इंजिनाचा आवाज ऐकून मी चार गोष्टी सांगायच्या आणि त्यांनी नुसतं 'हं' म्हणून पाचवीच दुरुस्त करायची, यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. तो 'हं' रस्त्यापलीकडून मला कसा ऐकू येणार? मग ठरवलं, निदान जाताना त्यांना आठवण राहील असं काहीतरी करावं. थंडीत लोखंडी दांडे धरून त्यांची बोटं बधिर होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. हल्ली एक पातळ रबर डब्यात मिळतं. हत्याराची मूठ त्यात बुडवायची आणि वाळवायची, की मऊ, न घसरणारी, हाताला गार न लागणारी पकड तयार. मी दोन डबे मागवले. लाल माझ्या हत्यारांना, काळा त्यांच्या. डबे आले ते दोन्ही काळे. म्हटलं, असू दे, खाचा तर आहेतच, त्या रबरावरून दिसतीलच.

रविवारी गॅरेज बंद असताना हे शुभकार्य उरकलं. सांगायला सोपं आहे, पण यात फार संयम लागतो. आधी थिनरनं सगळं तेलकट काढायचं. मग मूठ सावकाश आत सोडायची आणि त्याहून सावकाश वर काढायची. मी घाई केली त्या हत्यारांच्या बुडाला ओघळाची एकेक शेपटी आली आहे. स्क्रूड्रायव्हर झाले, हातोडे झाले, पकडी झाल्या. पान्यांना मात्र दोन्हीकडे तोंडं, मग बुडवायचं कुठलं टोक? शेवटी मधले दांडे ब्रशनं माखले. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर तारेच्या आकड्यांनी सगळं लटकवलं. संध्याकाळी दुसरा थर. वाळल्यावर रूप असं देखणं दिसत होतं की मी मुद्दाम खुर्ची टाकून बघत बसलो. मग एक पाना हातात घेतला आणि खाच शोधायला लागलो. खाच नव्हती. दुसरा घेतला, तिसरा घेतला. रबर खाचेत शिरून, सपाट होऊन, वर गुळगुळीत बसलं होतं. एक खाच नाही, दोन खाचा नाहीत, पान्यांचे नंबरसुद्धा नाहीत. सत्तेचाळीस हत्यारं, आणि कुठलं कुणाचं हे कुणालाच सांगता येऊ नये.

सोमवारी साडूभाऊ आले आणि दारातच उभे राहिले. त्यांचा पहिला शब्द यायला किती वेळ लागला ते सांगत नाही, पण तेवढ्यात माझा चहा निवला. मग ते आत आले आणि एकेक हत्यार उजेडात धरून बघत गेले. शेवटी त्यांनी एक पक्कड उचलली, आणि ती उघडेना. माझ्या हातून ती मिटलेलीच बुडवली गेली होती आणि तिच्या दोन्ही मुठी एकमेकींना कायमच्या चिकटल्या होत्या. त्यांनी एक मूठ धरली, मी दुसरी, आणि पाय भिंतीला लावून आम्ही उलट दिशांना ओढलं. पक्कड उघडली तेव्हा ते टायरांच्या ढिगावर पडले आणि मी बादलीत. मी बादलीतून बघितलं तर त्यांचे खांदे हलत होते. हसतच होते बहुधा. (खात्रीनं सांगत नाही. आवाज आला नाही.)

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण डब्यात रबर उरलं होतं आणि उरलेलं वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. दातांच्या डॉक्टरांची गाडी आली होती. तिच्या बॅटरीच्या तारांची टोकं गंजायची, म्हणून मी ती साफ केली आणि आतून-बाहेरून छान रबरानं माखून बसवली. गाडी सुरू होईना. चावी फिरवली की काही नाही, साधा टिकसुद्धा नाही. मी म्हटलं स्टार्टर, मी म्हटलं फ्यूज, मी म्हटलं वायरिंग. साडूभाऊंनी रेघ ओलांडली (खडूची, पंधरा दिवसांत पहिल्यांदा), बॉनेटखाली माझ्या शेजारी डोकं घातलं, तारेचं टोक सोडवलं, आतलं काळं रबर मला दाखवलं आणि म्हणाले, "वीज आत कशी येणार, दार वाजवून?" मामा, मी मोजले. सहा शब्द, तेही विनोदासाठी. तुमचे थोरले जावई थट्टा करू शकतात हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला अकरा वर्षांत नव्हतं.

त्यानंतरची गंमत ऐका. शाळेतल्या बाईंची गाडी गेली दोन वर्षं मागच्या बाजूनं खडखडते म्हणून येते. आम्ही तिचे नट आवळले, बुश बदलले, बाईंना खड्ड्यांतून जाऊ नका असं सांगितलं, पण खडखड काही थांबेना. परवा मी जेवून आलो तर साडूभाऊ एकटेच डब्यासमोर उकिडवे बसलेले. गाडीच्या डिकीतला जॅक आणि त्याचा दांडा पत्र्यावर आपटतात हे त्यांनी शोधून काढलं होतं आणि दोन्हींना ते अतिशय सावकाश रबरात बुडवत होते. त्यांच्या कामाला एक शेपटी नाही. खडखड बंद झाली. बाई म्हणाल्या, गाडीत माणूस कमी झाल्यासारखं वाटतंय. हल्ली गॅरेजात ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घेतो. पान्याचा नंबर दिसत नाही म्हणून मी उगाच विचारतो, हा बारा-तेराचा का, आणि ते न बघता 'हं' म्हणतात. खडूची रेघ अर्धी पुसली गेलीय. कुणी पुसली नाही, जाता-येता पायांनी गेली. खरं सांगायचं तर मी बराच सुखात आहे.

पण एक तारीख अजून आहे. साडूभाऊंनी गाळेवाल्याला नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही. काल मला एवढंच म्हणाले, "मामांना बोलव. ते ओळखतील." आणि तुम्ही ओळखाल यात शंका नाही, डोळे मिटून नुसतं वजन घेऊन तुम्ही हत्यार सांगता, त्याला रबर काय करणार? तेव्हा कृपा करून या महिनाअखेर इकडे यावं आणि हत्यारांची वाटणी करून द्यावी, ही विनंती साडूभाऊंच्या वतीनं कळवली आहे. मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा जावई

ता. क. : वरची विनंती साडूभाऊंची आहे. माझी वेगळी आहे. तुम्ही जरूर या, आठ दिवस राहा. बाकावर बसा, एकेक पाना हातात घ्या, डोळे मिटा, हवा तेवढा वेळ लावा, आणि शेवटी मान हलवून म्हणा, 'नाही बुवा, आता काही कळत नाही.' तुमच्यासारख्या माणसाला हे म्हणायला सांगणं म्हणजे काय ते मी जाणतो. पण एवढं माझ्यासाठी करा.

ता. क. दुसरा : तुमच्याशी खोटं बोलून पत्र बंद करवत नाही. लाल डब्याची मागणी मी कधी केलीच नव्हती. दोन्ही काळेच मागवले होते. आणि दुसरा थर दिला तो खाचा जरा जरा दिसत होत्या म्हणून.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. आत्ता रिकामा डबा टाकून देताना चष्मा लावून वाचला. 'मुलांपासून दूर ठेवा' याच्या खाली चांगल्या ठळक अक्षरांत लिहिलंय की लेप नको झाल्यास ब्लेडनं चीर द्यावी, सालीसारखा अख्खा सुटून येतो, खालच्या धातूला काही होत नाही. मामा, त्या सोमवारी साडूभाऊंनी हाच डबा उचलून खिडकीशी नेला होता आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला होता. मी विचारलं, रबर काढायचा काही उपाय दिलाय का? त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "काही लिहिलेलं नाही."