अबोलीची हजेरी

सोमवार, १३ सप्टेंबर २०१०

झालं एकदाचं! बेचाळिसाव्या वर्षी चित्राबाई पुन्हा फर्स्ट इयरला. वर्गात नव्वद पोरं, सगळी अठरा-एकोणीसची. एकीला वाटलं मी शिकवायला आलेय, तिने अदबीने दार धरलं. गिरीशला सांगितलं तर पोट धरून हसला. हस म्हणावं. नवऱ्याच्या व्हिसावर आयर्लंडला येऊन चार वर्षं ॲथलोनमध्ये पोळ्या लाटल्या, आता पुरे.

वर्गात आणखी एक मराठी मुलगी — अबोली, मलिंगारच्या प्रभाची लेक. प्रभा तिथल्या हॉस्पिटलात नर्स, सारख्या नाइट ड्यूट्या, म्हणून लेकीला इथे कॉलेजमागे खोली घेऊन दिलीय. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं," म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

बुधवार, २९ सप्टेंबर

अबोली मधल्या सुट्टीत एकटीच बसते. सगळ्यांचे ग्रुप झाले, हिचा नाही. माझाही नाही, पण मला घरी जाऊन कुकर लावायचा असतो. "रमलीस का गं?" विचारलं तर — "आय'म ग्रँड, काकू." म्हणजे इथल्या भाषेत, मजेत आहे. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उडवून लावायचं. ही सगळी इथे वाढलेली पोरं तशीच.

सोमवार, ११ ऑक्टोबर

अबोली आली नाही. हजेरीचा कागद फिरत माझ्यापाशी आला, तिच्या नावापुढे जागा रिकामी. पेन बदललं, हात जरा तिरका धरला आणि केली सही! वीस वर्षांनी प्रॉक्सी मारली!

नागपूरला माझी टर्म गेली होती. हवी पंचाहत्तर टक्के हजेरी, माझी साठ. आई दवाखान्यात होती, पण ते ऐकतंय कोण. परीक्षेला बसू दिलं नाही, पुढच्या वर्षी लग्न, बी.कॉम. राहिलं ते राहिलंच. माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या पोरीची टर्म जाऊ देईन का मी?

तिला मात्र सांगायचं नाही. उपकार बोलून दाखवले की कडू होतात.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

आजही नाही. केली.

बुधवार, २० ऑक्टोबर

केली. तिची सही आता तिच्यापेक्षा मलाच झोकात जमते.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

तिच्या खोलीवर गेले. दार अर्धंच उघडलं. दुपारचे दोन, पडदे बंद, केसांना कितीतरी दिवसांत कंगवा लागलेला नाही. "बरं नाही का?" "जस्ट टायर्ड, काकू." आत ये म्हणाली नाही. मी मनात म्हटलं, आत कुणी मुलगा असणार! या वयात व्हायचंच. उगाच नाक खुपसू नये. "मजा कर, मी आहे इथे," म्हटलं आणि डोळा मारला.

ती बघत राहिली माझ्याकडे. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग दार लावलं.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. प्रभाचा ड्यूटीवरून फोन. "दिवाळीलासुद्धा आली नाही बघ. प्रोजेक्ट आहे म्हणते. कॉलेजला येते ना नीट?"

खरं सांगावं तर ती धावत येणार, पोरीला फैलावर घेणार, आणि माझ्या सह्याही बाहेर पडणार. "येते की! रोज येते," म्हणून मोकळी झाले. किती सहज बोलले. नंतर चकल्या तळताना हातून तीनदा मोडल्या.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

तीन दिवस मेसेजला उत्तर नाही. फोनमधले पैसे संपले असतील. गिरीशच्या ऑफिसात माणसं कमी करणार म्हणतात, घरात कुणी धड बोलत नाही. उद्या जाते अबोलीकडे. सही केली.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

गेले नाही. असाइनमेंट होती. सही केली.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

घरमालकीण बॉयलर बघायला गेली म्हणून कळलं. अबोली जमिनीवर पडलेली. शुद्ध नाही, अंगात ताप, किती दिवस खाल्लं-प्यायलं नाही देव जाणे. कुणी मुलगा नव्हता. कुणीच नव्हतं. मी काय काय ठरवून बसले होते! लिहवत नाही.

गुरुवार, २ डिसेंबर

गिरीश आणि मी बर्फातून कसेबसे मलिंगारच्या हॉस्पिटलात पोचलो. अबोली वाचली. पण बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टर म्हणतात मनाचं दुखणं आहे, बरेच आठवडे चाललेलं. प्रभा गळ्यात पडली. "तू तिथे होतीस म्हणून मला केवढा आधार होता गं!" मला सांगायचं होतं. चहा आणते म्हणून उठले. भेकड आहे मी.

सोमवार, ६ डिसेंबर

फर्स्ट इयरच्या मुलांकडे बघणाऱ्या डोलनबाईंनी बोलावलं. टेबलावर हजेरीचे कागद. संपलं, म्हटलं, आता काढणार कॉलेजातून! पण त्यांना एवढंच विचारायचं होतं की माझ्या काही लक्षात आलं होतं का.

मी विचारलं, हजेरी कमी पडली तर तिला परीक्षेला बसू देतील ना? त्या गोंधळल्या. "परीक्षेचा काय संबंध? हा कागद एवढ्यासाठीच की नव्वदांत कुणी हरवू नये. तीनदा जागा रिकामी दिसली की आम्ही फोन करतो. तरी आलं नाही तर दारात जातो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं सगळ्यांना." तेव्हा मी ऑफिसात फी भरायच्या रांगेत होते.

"अबोलीची एकही जागा रिकामी नव्हती," म्हणाल्या. "आमचंच कुठेतरी चुकलं असणार."

मी कागदांकडे बघत बसले. जवळजवळ सहा आठवडे. मीच तिला त्यांच्यापासून लपवून ठेवलं. तिथेही बोलले नाही. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

शुक्रवार, १० डिसेंबर

अबोली बोलली! प्रभाला फोनवर रडू आवरेना. पोरगी म्हणाली, कॉलेजातून फोन येईल म्हणून ती रोज फोन हातात धरून पडून राहायची. फोन आला की सगळं सांगायचं ठरवलं होतं तिने.

"कुणीच कसा गं फोन केला नाही, चित्रा?"

मी सांगितलं.