सुनेच्या दोन रेघा

कोरगाव, मंगळवार, दिवेलागण

सुनेचा उद्या केमिस्ट्रीचा पेपर. दोनदा गेलाय, ह्या खेपेस गेला तर कॉलेज सोडणार म्हणते. रिअॅक्शनमध्ये माल किती उरला त्याचा झिरो ऑर्डरचा ग्राफ सरळ उतरतो नि फर्स्ट ऑर्डरचा वाकत सपाट होतो, ते का, हेच तिला कळेना.

मी म्हटलं, "गो बाय, काजूच्या बोंडांच्या बिया काढताना ढीग केवढाही असो, माझा हात एकाच वेगानं चालतो. ती तुझी सरळ रेघ. झाडाखाली बोंडं वेचताना मात्र आधी भराभर मिळतात, उरली कमी की वेगही कमी. ती वाकडी."

तिनं दोन्ही रेघा बरोबर काढल्या. "आई, पेपर तुम्हीच द्या."

"आणि भाकऱ्या तू करणार? घर उपाशी राहील."

कॉलेज सोडलं असतं तर दिवसभर माझ्या सोबतीला राहिली असती. हे सुचलं ते रेघा बरोबर आल्यावर. आधी सुचलं नाही, बरं झालं.