नारिंगीच्या फुलांचा वास

६ एप्रिल १७५२

हवेलीच्या मालकीण मार्कीझबाईंना धनगरणीच्या वेषात स्वतःचे चित्र हवे आहे! चेहरा त्यांचा; अनवाणी पाय मात्र गावातल्या धनगराच्या पोरीचे, आपोलीनचे. थोर घराण्यातील स्त्रीने चित्रकारापुढे पाय उघडे टाकणे शोभत नाही — धनगराच्या मुलीला शोभते, असा हवेलीच्या कारभाऱ्याचा न्याय.

आपोलीनची आई बार्ब विचारायला आली. "पाठवू का, फादर? सोळा तारखेला पोरीच्या लग्नाची शेवटची हाक आहे चर्चमध्ये, नावं वाचायची; कुणी हरकत घेतली तर?"

म्हणालो, "पाठव. पाय दाखवल्याने कोणी बाटत नाही."

दुपारी मार्कीझबाईंच्या जुन्या रेशमी पोशाखातून शिवलेला मिस्सेच्या उपासनेत घालायचा झगा मला भेट आला.

९ एप्रिल

चित्रासाठी बार्बची सहा कोकरे हवेलीत नेऊन साबणाने धुतली, नारिंगीच्या फुलांचे अत्तर चोळले, गळ्यात फिती बांधल्या. परत आणली, तर त्यांच्याच मेंढ्या त्यांना ढुशा देऊन हाकलतात!

बार्बने कपाळाला हात लावला. "मेंढी डोळ्यांनी नाही ओळखत, फादर. नाकानं ओळखते. वास पुसला की पोर परकं."

११ एप्रिल

तीन कोकरे उपाशी मेली.

१३ एप्रिल

आपोलीनलाही तेच अत्तर फासले होते. विहिरीवर बायका नाक धरतात — "या मार्कीझबाई! पाय दुखले असतील ना, दाखवून दाखवून?"

तिची होणारी सासू दनीज माझ्या दारात उभी. "असली घमघमणारी सून मला नको! रविवारी हाक दिलीत, तर भर मिस्सेत उठून हरकत घेईन. कुणी धाडलं होतं हिला तिथं?"

"रविवारी बघू," म्हणून मी दार लोटले.

बायबलातल्या आंधळ्या इसहाकाने थोरल्याच्या वस्त्रांच्या वासाला भुलून धाकट्या पुत्राला आशीर्वाद दिला. तो अध्याय आज उघडवला नाही.

१५ एप्रिल

बार्बने मेलेल्या कोकराचे कातडे एका टाकलेल्या कोकरावर बांधले. त्या मेलेल्याच्या आईने हुंगले — आणि पाजले!

"हे सोपं," बार्ब म्हणाली. "पोरीसाठी कुणाचं कातडं आणू?"

रविवार, १६ एप्रिल

आजचा शुभवर्तमानातला उतारा उत्तम मेंढपाळाचा — मेंढरांसाठी जीव देतो तो. नवा झगा अंगावर चढवला — तोच वास! उतरवला. जुन्या, विरलेल्या झग्यात वेदीपुढे उभा राहिलो. "हिला मी पाठवले होते. बोलायचे ते मला बोला." मग आपोलीनचे नाव मोठ्याने वाचले.

दनीज उठली. माझ्या दिशेने हवा हुंगली.

"वास तुमच्याही अंगाला येतोय, फादर," म्हणाली — आणि हरकत न घेता खाली बसली.