जुन्या गाडीतली नवी सीट

माय, तू गेलीस तेव्हा माझा मुलगा रांगतही नव्हता. आता तो कॉलेजात जातो आणि माझ्याशी अर्धं गुजरातीत बोलतो. मी काय काम करते, हे तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. सैन्याच्या जुन्या चिलखती गाड्या आमच्या कारखान्यात येतात. लोखंडी सांगाडा तोच ठेवायचा. इंजिन नवं, वायरिंग नवं, चालकाला अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा. चालकाच्या सीटचं काम माझ्याकडे असतं.

भेस्तानच्या शेडमध्ये तू सैन्याच्या ट्रकांची ताडपत्रीची छतं शिवायचीस. जाड कापडाने बोटं सोलून निघायची, पण छत चढवलेला ट्रक काही तुझ्या पाहण्यात नव्हता. मी डिप्लोमाला असताना, चलथाणला मामाकडून परतताना, पलसाण्याला बस बदलायला उतरलो, तर रस्त्याकडेला तसे ट्रक उभे दिसले. आमची बस समोरून येतेय, आणि तू सरळ चहा पिणाऱ्या एका जवानासमोर. "पानी गयस का रे भाऊ?" त्याला अहिराणी कुठून कळणार? मी हिंदीत सांगितलं, आई विचारते, छत गळतं का. तो हसला, सीटमागचा कोपरा दाखवला. "यहाँ से टपकता है, माँजी. सीधा गर्दन पर." मी तुझा हात ओढला, तर केवढ्याने ओरडलीस! "जाऊ दे बस. ज्याच्या मानेवर पडतं, त्याचं ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी तू शेठला सांगितलंस. "बेन, नकशामां जे छे ए ज," तो म्हणाला. तू शिवलंस नकाशाप्रमाणेच, पण रोज त्याला विचारत राहिलीस. शेवटी कंटाळून त्याने वर कळवलं. पुढे काय झालं, ते मला आठवत नाही. त्या दिवसांत जेवताना विचारात तुझा घास हातातच राहायचा, ते आठवतं.

गेल्या महिन्यात आमची एक गाडी चालवून बघायला सैन्यातला चालक आला होता. उंचापुरा, मिशीवाला. सुरुंग फुटला तर धक्का सोसणारी नवी सीट. सगळ्या चाचण्यांत पास. आमच्या कारखान्याच्या साहेबांसमोर तो म्हणाला, "सब बढ़िया." साहेब गेल्यावर मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. "भैया, ऊपर का ढक्कन बंद करके चलाया?" त्याने आधी साहेब गेले त्या दिशेला पाहिलं. मग मान एका खांद्यावर कलती करून त्याने दाखवलं, हेल्मेट घालून कसं बसावं लागतं ते. सीट जाड झाली होती, वरचं लोखंडी छत होतं तिथेच होतं.

तयार गाड्या त्याच आठवड्यात निघायच्या होत्या. सीटच्या तपासणीच्या कागदावर मी सही केली नाही. साहेब म्हणाले, "त्याने तक्रार केली नाही, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, त्याच्या मानेचा प्रश्न आहे. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण आम्ही सीटचा पाया नव्याने आखला, खाली घेतला, चाचण्या परत केल्या. तो चालक पुन्हा आला, आत उतरला, झाकण लावून घेतलं. मी बाहेर लोखंडाला कान लावून उभी. मग आतून गुणगुणणं आलं. कुठलंसं त्याच्या गावाकडचं गाणं.

हे तुला सांगावंसं वाटलं. पाठवायला पत्ता नाही, म्हणून उशीखाली ठेवते आहे. आणि एक, हसू नकोस. मला अजून बटण लावता येत नाही. पोराचा शर्ट घेऊन मी कोपऱ्यावरच्या टेलरकडे जाते.