ड्रायव्हरच्या बाजूचा दांडा

४ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी आणलीच धाकट्याने गाडी! पोलिसांनी सोडली तशी क्रेनवर घालून थेट माझ्या गॅरेजात. मी म्हटलं, भंगारात दे. तर म्हणाला, "ताई, तिची गाडी आहे. अशी चेचलेली नाही बघवत मला. तूच सरळ कर. दुसऱ्या कुणाचा हात नको."

तिची म्हणजे मैनेची. माझी भावजय. तोंडाला क्षणाची उसंत नाही, म्हणून घरदार तिला मैनाच म्हणायचं. महिना होत आला तिला जाऊन. त्या तिघांची गाडी रस्ता सोडून पलीकडे गेली आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवर आदळली. टेम्पोवाला जागच्या जागी गेला. मैना दोन दिवसांनी, दवाखान्यात. चालवत होता धाकटा. मागच्या सीटवर ठकी, त्यांची लेक — तिला खरचटलंसुद्धा नाही.

तेव्हापासून बापलेक माझ्याकडेच आहेत. धाकटा सगळ्यांना एकच सांगतो, चूक माझी. वकील म्हणतात, असंच बोलत राहिला तर आत जाईल. माझा भाऊ!

गाडीवर ताडपत्री टाकली आणि शटर ओढलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताडपत्री काढायचा धीर झाला नाही. तिच्याकडे पाठ करून दुसरी कामं उरकली. दिवसभर वाटत होतं, मागे कुणीतरी उभं आहे आणि कधी नव्हे ते गप्प आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गाडी सांगाडा सरळ करायच्या बेंचवर चढवली. वेल्डरकाका होते सोबतीला. चार कोपरे घट्ट आवळले, तिरकी मापं घेतली. सांगाड्याचा पुढचा डावा दांडा थोडासा मुरडलाय. ड्रायव्हरच्या बाजूचा मात्र पार दुमडून आत गेलाय. सगळा घाव तिथेच बसला.

काचा खाली घ्यायच्या होत्या म्हणून बॅटरी जोडली. आणि एकदम गाणं सुरू झालं! ठणठणीत, अर्ध्यातूनच. मैनेला आवाज असाच मोठा लागायचा. काका दोन पावलं मागे सरले. मला बटण सापडेना. शेवटी वायरच उपटली.

गाडी शिकली तेव्हा माझ्याच अंगणात शिकली ती. मागे घेताना जीभ बाहेर काढून एकाग्र व्हायची! मी म्हणायचे, "बाई गं, जीभ आत घे, काच पुसायला नाही लागत ती."

पुढे लिहवत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सीट काढल्या, मॅट उचलली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा वर उचलला जाऊन पार पेडलपर्यंत आलाय. ब्रेक आणि क्लच एकमेकांत अडकलेत. तिथे माझी मूठसुद्धा शिरत नाही.

मग माणसाचे पाय कसे मावले?

मी वाकूनच राहिले. काकांनीही बघितलं. पत्र्याकडे, मग माझ्याकडे. "चहा पिऊन येतो," म्हणाले आणि गेले. चहाचा कप समोर भरलेला होता.

धाकटा त्या गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरला. पाय मैनेचे मोडले होते. दोन्ही. डॉक्टरांनी मलाच सांगितलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोज धाकट्याला मलम लावून देते. सीटबेल्टचा वळ आता हिरवट-पिवळा पडलाय. आज हात तिथेच थांबला. वळ डाव्या खांद्यावरून खाली येतो. ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरून असतो. इतके दिवस हाताने मलम चोळलं, डोळे काय गहाण टाकले होते?

"काय झालं?" म्हणाला.

"काही नाही," म्हटलं. झाकण लावलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

राहवलं नाही. ठकी शाळेत गेल्यावर त्याला गॅरेजात आणलं आणि तो पत्रा दाखवला. म्हटलं, "पाय घालून दाखव इथे."

 तो खाली फरशीवरच बसला.

"ती शुद्धीत नव्हती, ताई. मी तिला ओढून बाहेर काढलं, रस्त्यावर निजवलं. माणसं धावत आली. कुणीतरी विचारलं, कोण चालवत होतं? मी म्हणालो, मी. बस."

"पण ती गेल्यावर तरी—"

"गेलेल्या माणसाला पिंजऱ्यात उभं करू?"

"आणि तू उभा राहशील! तुझ्या पोरीला बाप नको?"

"बाप परत येईल," म्हणाला. मग माझा हात धरला. लहानपणी अंधाराला भ्यायचा तेव्हा धरायचा तसा, घट्ट. "ताई, ओढून टाक ते. सरळ करून टाक. तुझ्याशिवाय कुणी बघितलेलं नाही."

मी हात सोडवून घेतला आणि शटर ओढलं. 

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटा टेम्पोवाल्याच्या बायकोकडे गेला होता. चौथ्यांदा. तिने आज दार उघडलं म्हणे. "तुझं तोंड बघायला उघडलंय, आत ये म्हणायला नाही." उभ्या-उभ्या सगळं ऐकून घेतलं त्याने. त्या बाईचा तर नवरा गेलाय. तिला खरं कळायला नको? ती ज्याला शिव्या देते त्याने तिचं काहीच वाईट केलेलं नाही!

मन खातंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुमडलेल्या दांड्याला पंपाची साखळी लावली.

काका म्हणाले, "बाई, एकदा ओढलं की ओढलं. मग कुणाला दाखवता यायचं नाही." मी म्हटलं, "पंप मारा."

दांडा कण्हत कण्हत पुढे आला. दाब सोडला की थोडा मागे जातो, म्हणून जरा जास्तच ओढावा लागतो. एकदा साखळी ताणलेली असताना आतून टक् असा आवाज आला. आत कुणी नखाने वाजवावं तसा. पत्रा सुटतो तेव्हा असा आवाज होतो, मला माहीत आहे. तरी मी आत वाकून बघितलं.

संध्याकाळी मापं जुळली. पायाखालचा पत्रा कापून नवा जोडला. जुना काकांनी भंगारात नेऊन टाकला. मला विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. घरी येऊन हात तीनदा धुतले.

आई आठवली. ती म्हणायची, भावंडं एकमेकांची उणीदुणी पोटात घालतात. किती घालायची?

२० फेब्रुवारी, गुरुवार

रंग झाला. दारं लागतात, चाकं सरळ धावतात. ही कधी आदळली होती, असं कुणी म्हणणार नाही.

मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवत नाही. बसले की पाय आपोआप वर घेते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चालवून बघायला निघाले, तर ठकी मागे येऊन बसली. नको म्हटलं तरी उतरेना.  कोपऱ्यावर वळलो तशी म्हणाली, "आत्या, तू मागे बघू नकोस हं."

"नाही बघत गं."

"आईने बघितलं होतं. मी हाक मारली म्हणून. माझी बाटली खाली पडली होती."

गाडी कडेला घेतली. 

"बाबांना माहितीये," ती म्हणाली. "ते म्हणाले, तू झोपली होतीस. कुणी विचारलं तर तेच सांगायचं."

आणि इतके दिवस मला वाटत होतं, धाकटा मैनेवर पांघरूण घालतोय.